लांबून शिकवलेलं अक्षर

हेडमिस्ट्रेस बाईंनी मला व्हरांड्याच्या टोकाला बोलावलं आणि एक काठी दिली. फळ्यावरची अक्षरं दाखवायला असते तसली, लांब, टोकाला निमुळती. दिली म्हणजे हातात नाही दिली. भिंतीला टेकवून ठेवली, दोन पावलं मागं सरल्या आणि मग मी ती उचलून घेतली.

इकडं तिकडं कुणी नाही असं बघून हळू आवाजात म्हणाल्या, "मक्कळन्ना मुट्टबेडी."

मुलांना हात लावू नका.

आवाज मऊ होता. चेहऱ्यावर रागही नव्हता. पुढं म्हणाल्या, "माझ्या मनात काही नाही हो. पण ह्या मुली सोवळ्याओवळ्याच्या घरच्या. आईबाप ऐकायचे नाहीत. तुम्ही फळ्यापाशीच उभ्या राहा, काठीनं दाखवा. तुमचे वडील आम्हाला ठाऊक आहेत. चांगला माणूस. आमच्या घरच्या चपला त्यांच्याकडेच असतात."

मला 'अहो-जाहो' करत होत्या. अहो, हात लावू नका. इतक्या अदबीनं माझा अपमान त्याआधी कुणी केला नव्हता. आधीचे सगळे 'ए' म्हणून सुरू व्हायचे, ते कळायचे, अंगावर यायचे. हा अंगावर आलाच नाही. मी गोंधळले आणि चक्क म्हणाले, "सरी, मेडम्." बरं, बाई. त्या 'सरी'चा मला आजही संताप येतो.

साठ सालाच्या मागंपुढची गोष्ट. बंगळुरातल्या बसवनगुडीतली मुलींची शाळा. मी ट्रेनिंग स्कूलची विद्यार्थिनी, मास्तरीण व्हायला निघालेली. पुस्तकातलं शिकून झालं की आम्हाला खऱ्या वर्गात पाठवायचे, खऱ्या मुलांपुढं उभं करायचे. त्याला सराव पाठ म्हणत. ते झाले की शेवटी परीक्षेचा पाठ. तो चांगला गेला तर सर्टिफिकेट, आणि सर्टिफिकेट असेल तर नोकरी. नाही तर घरी.

घरी म्हणजे कुठं, तेही सांगते. माझे अप्पा बसवनगुडीच्या बाजारात, कोपऱ्यावरच्या झाडाखाली बसायचे. पुढ्यात आरी, चामडं कापायची रापी, ठोकायचा लोखंडी ठोकळा. आम्ही चांभार. अप्पा लग्नानंतर निपाणीकडनं बंगळूरला आले ते कामाच्या शोधात, आणि हातातलं काम तेवढं बरोबर आलं. घरात मराठी, गल्लीत तमिळ, शाळेत कन्नड, अशी मी वाढले. आई चपलांचे पट्टे शिवायची. अप्पांची नजर कमी व्हायला लागली होती. टाका चुकायचा, गिऱ्हाईक ओरडायचं. माझ्या नोकरीकडं सगळ्या घराचे डोळे लागले होते, हे काही मला कुणी सांगायला नको होतं.

पण खरं सांगू? मी नुसती नोकरीसाठी मास्तरीण होत नव्हते.

मराठी अक्षरं मला अप्पांनी शिकवली. चामड्याच्या टाकाऊ तुकड्यावर, आरीच्या टोकानं. मला पुढ्यात घेऊन बसायचे, माझी मूठ त्यांच्या मुठीत घ्यायचे आणि गिरवून घ्यायचे. राठ हात, त्याला चामड्याचा न जाणारा वास. अक्षर कधी आलं ते कळायचंही नाही. मग मी म्युनिसिपालिटीच्या कन्नड शाळेत गेले. तिथं बाई ओळीनं फिरायच्या, एकेकीच्या मागं वाकायच्या, हात धरून पाटीवर अ काढून घ्यायच्या. माझ्यापाशी आल्या की वाकायच्या नाहीत. उभ्यानंच सांगायच्या, "वर ने. आता वळव. इकडं नाही, मठ्ठे, तिकडं." कन्नडचा अ सगळा वळणांचा. तोंडी सांगून तो येत नाही. सगळ्या वर्गात मला तो शेवटी आला. मठ्ठ म्हणून शिक्का बसला. पुष्कळ वर्षं मीही स्वतःला मठ्ठच समजत होते.

म्हणून मला पहिलीचा वर्ग हवा होता. मला वाकायचं होतं. एकेका पोरीच्या मागं वाकून तिचा हात धरायचा होता, एकही न वगळता. माझं एवढंच स्वप्न होतं.

ट्रेनिंग स्कूलमध्ये आम्हाला शिकवायची पद्धत शिकवणारे एक सर होते. मेथडचे सर म्हणायचो आम्ही. उंच, खादीचा कोट, बोलणं गोड. पहिलीला अक्षर कसं शिकवायचं ते त्यांनी एका लहान मुलीला वर्गात आणून करून दाखवलं. तिच्या मागं गुडघ्यावर बसले, तिच्या मुठीवर आपला पंजा ठेवला आणि आमच्याकडं बघून म्हणाले, "कै हिडिदु तिद्दिसबेकु. हात धरून गिरवून घ्यायचं. अक्षर कानातून जात नाही, मनगटातून जातं. जो मास्तर मुलाचा हात धरत नाही, तो मास्तर नव्हे." माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी मठ्ठ नव्हते. माझा हात कुणी धरला नव्हता. वर्गात बसल्या बसल्या मला हे कळलं, आणि मी त्या सरांना मनातल्या मनात नमस्कार केला.

तर अशी मी, आणि माझ्या हातात काठी.

माझ्या तुकडीत लीला म्हणून एक मुलगी होती. बंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरातली. तिची मराठी अर्धी कन्नड, पण मराठीच. सगळ्या ट्रेनिंग स्कूलमध्ये मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. ती मला 'अक्का' म्हणायची. काठीची गोष्ट मी फक्त तिला सांगितली. तिनं माझा हात हातात घेतला, डोळे भरून आले तिचे. म्हणाली, "अक्का, स्वल्प दिवस सोस की. पाठ संपले की त्या कोण अन्‌ तू कोण. आता उगीच गलाटा, दंगा नको करूस." तिनं हात धरून सांगितलं, म्हणून मला ते पटलं. आपलं माणूस म्हणून पटलं.

सराव पाठ सुरू झाले. पहिलीचा वर्ग, जमिनीवर ओळीनं बसलेल्या मुली, पुढ्यात पाट्या, हातात बळप. बळप म्हणजे पाटीवर लिहायची पांढरी कांडी. वर्गाच्या बाई सावित्रम्मा दाराशी खुर्ची टाकून बसायच्या. शिकवण्याकडं त्यांचं लक्ष नसायचं. माझ्या हातांकडं असायचं.

मी फळ्यावर अ काढायचे, भला मोठा. काठीनं त्याच्या वळणावरून फिरायचे. पुन्हा फिरायचे. गाणं केलं त्याचं, वर जाऊ, वळून येऊ, पोटात शिरू, बाहेर येऊ. मुली हसायच्या, हवेत बोटं फिरवायच्या. हुशार होत्या त्यांना यायला लागलं. मला वाटलं, जमतंय. हात न लावताही जमतंय. बघा म्हणावं.

वनजा नावाची एक मुलगी होती. दुसऱ्या ओळीत बसायची. तेल चोपडलेल्या दोन वेण्या, पुढचे दात पडलेले. तिला अ यायचा नाही. सुरुवात नीट करायची आणि वळणावर आली की भलत्याच बाजूला जायची. पुसायची, पुन्हा काढायची, पुन्हा तिथंच.  ते वळण माझ्या ओळखीचं होतं. मी तिथंच अडकले होते.

एके दिवशी तिनं बळप धरलेला हात वर केला, माझ्याकडं धरला आणि म्हणाली, "मिस्, कै हिड्कोळ्ळी."

बाई, हात धरा ना.

माझ्यात आणि तिच्यात एक ओळ होती. मी पुढं झाले. दाराशी खुर्ची करकरली. सावित्रम्मा उठल्या नाहीत, त्यांनी नुसता घसा खाकरला. मी थांबले. काठी पुढं केली आणि तिच्या पाटीवर, वरच्या वर, टोक फिरवून दाखवलं. "असं ने. आता वळव. इकडं नाही, तिकडं."

माझ्या तोंडून माझ्या लहानपणीच्या त्या बाई बोलल्या. शब्दसुद्धा तेच. फक्त 'मठ्ठे' तेवढं म्हणाले नाही.

वनजानं काठीच्या टोकाकडं बघितलं, मग माझ्याकडं. हात अजून तसाच वर होता. खालचा ओठ बाहेर आला. तिनं विचारलं, "नन् मेले कोपाना, मिस्?"

माझ्यावर रागावलात का?

काय सांगणार होते मी तिला? सहा वर्षांच्या पोरीला काय सांगायचं असतं? मी म्हणाले, "नाही गं, तू खूप शहाणी आहेस." तिला ते खरं वाटलं नाही. तिनं हात खाली घेतला आणि पाटी पोटाशी धरून बसली. त्या तासाला तिनं पुढं काही लिहिलं नाही.

संध्याकाळी अप्पा जेवायला बसले होते. म्हणाले, "पोरी शिकत्यात न्हवं?"

"शिकत्यात, अप्पा."

"हात धरून शिकीव बग. तू लई हट्टी हुतीस ल्हानपनी. पर हात धरला की गप गिरवायचीस."

मी "हां" म्हणाले आणि ताट घेऊन चुलीकडं गेले. तिथं तोंडात पदर कोंबून रडले. अप्पांना कळलं नाही. आईला कळलं असावं. तिनं विचारलं नाही.

परीक्षेचा पाठ आला. बाहेरून परीक्षक आले होते, वयस्क, चष्मा, कपाळावर गंध. मागं ओळीनं मेथडचे सर, हेडमिस्ट्रेस बाई, सावित्रम्मा आणि आमची सगळी तुकडी. मी अ घेतला. काठी फिरवली, गाणं म्हटलं, चित्रं दाखवली. मुली मोठ्यानं म्हणत होत्या. एक चूक झाली नाही. वनजानं मात्र वर बघितलं नाही. मी तिच्या ओळीपर्यंत गेलेच नाही, जाऊन करणार काय होते?

पाठ झाला की टीका व्हायची. ही ट्रेनिंग स्कूलची रीतच होती. ज्यानं पाठ दिला त्यानं सगळ्यांपुढं उभं राहायचं. तुकडीतल्या एकेकानं उठून त्याच्या चुका सांगायच्या, मग सरांनी, शेवटी परीक्षकांनी. उभ्या राहिलेल्यानं उत्तर द्यायचं नाही. मान खाली घालून ऐकायचं, शेवटी हात जोडून आभार मानायचे आणि बसायचं. आम्हाला सांगितलं होतं, त्यानं मास्तराच्या अंगी नम्रता येते. वर्गात सावित्रम्मा थांबल्या, बाकी आम्ही सगळे शेजारच्या हॉलमध्ये गेलो आणि मी उभी राहिले.

कुणी म्हणालं, आवाज चांगला. कुणी म्हणालं, फळा नीट पुसला नाही. लीलाची पाळी आली. ती उठली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, समोरच्या भिंतीकडं बघून स्वच्छ कन्नडमध्ये म्हणाली, "अक्षर शिकवताना मुलींच्या हातावर हात ठेवायला हवा होता."

मला आधी नीट कळलंच नाही. ही लीला होती. हिला माहीत होतं. सगळ्या जगात हिला एकटीला माहीत होतं. पुढं कधीतरी तिनं मला सांगितलं, काहीतरी चूक दाखवावीच लागते, नाही तर आपले गुण जातात, म्हणून बोलले. असेल. गुण तिला मिळाले.

सर आपल्या कोटाची बटणं बघत होते. मग परीक्षक बोलले. वाईट माणूस नव्हता तो. तळमळीनं बोलत होता, तेच तर वाईट. म्हणाला, "तयारी उत्तम. आवाज उत्तम. पण ह्या बाईंना मुलांविषयी माया नाही. संपूर्ण तासात त्या एकाही मुलीजवळ गेल्या नाहीत. एकीच्याही पाठीवरून हात फिरवला नाही. काठीच्या टोकानं शिकवत होत्या, मुलं म्हणजे जणू किळस यावी अशी वस्तू. अशा व्यक्तीनं लहान मुलांची शिक्षिका होऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे."

किळस. मला. त्या पोरींची.

हात जोडायची वेळ झाली होती. मी ते जोडायला उचलले आणि ते वर येईनात. आता रडू येणार असं मला वाटलं. रडू आलं नाही.

मी म्हणाले, "मला मुलांना हात लावायला बंदी आहे."

 टीकेच्या वेळी उभ्या राहिलेल्यानं बोलायचं नसतं. परीक्षक म्हणाले, "काय?"

"मी चांभाराची मुलगी आहे. ह्या शाळेच्या हेडमिस्ट्रेस बाईंनी पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं, मुलांना शिवू नका. काठी त्यांनीच दिली."

हेडमिस्ट्रेस बाईंना घाम फुटला नाही की राग आला नाही. त्या हसल्या. लहान मुलाच्या हट्टाला हसावं तसं. म्हणाल्या, "छे हो. मी असं कसं म्हणेन? कायदा आहे आता. फळा दाखवायची काठी सगळ्यांनाच देतो आम्ही. बाईंचा काहीतरी गैरसमज झाला."

मी लीलाकडं वळले. मराठीत म्हणाले, "लीला, तू सांग. तुला ठाऊक आहे."

तिनं मान खाली घातली. घातली ती घातलीच.

मी सरांकडं बघितलं. "सर, तुम्हीच शिकवलंत. हात धरत नाही तो मास्तर नव्हे." सर म्हणाले, "ह्या वैयक्तिक गोष्टी इथं नकोत." आणि त्या क्षणी मला कळलं की त्यांनाही माहीत होतं. आधीपासून. मला त्या शाळेत पाठवतानाच माहीत होतं.

परीक्षक अवघडले. माणूस चांगला म्हणून त्यांनी चांगला तोडगा काढला. चष्मा पुसत म्हणाले, "झालं ते झालं. मी नापास करत नाही. पाठ पुन्हा घ्या, उद्या-परवा. हरिजन वस्तीतल्या शाळेत घ्या. तिथं तुम्हाला काही अडचण येणार नाही. मनसोक्त हात धरा. मी येतो बघायला, पास करतो."

सगळ्यांनी हुश्श केलं. सर हसले. हेडमिस्ट्रेस बाईसुद्धा मान डोलावत होत्या. किती सोपं होतं. घरी अप्पा वाट बघत होते. मला फक्त "सरी" म्हणायचं होतं. ते तर मी आधीही म्हटलं होतं.

मी म्हणाले, "नको."

"विचार करा, बाई."

"केला. पाठ पुन्हा द्यायचा तर ह्याच वर्गात देईन. हात धरून देईन. नाही तर नापास करा."

आणि मी आभार न मानता हॉलमधून बाहेर पडले.

शेजारी पहिलीचा वर्ग तसाच भरलेला होता. सावित्रम्मा दाराशी होत्या, मी त्यांच्या बाजूनं सरळ आत गेले. दुसऱ्या ओळीत वनजा. मी तिच्या मागं गुडघ्यावर बसले. तिच्या मुठीवर माझा पंजा ठेवला. एवढीशी मूठ, घामेजलेली, बळपाच्या पिठानं पांढरी. ती दचकली, वळून बघितलं तिनं. मी म्हणाले, "चल, काढू या." आम्ही वर गेलो, वळलो, त्या अवघड वळणावर तिचा हात भलतीकडं ओढायला लागला तसा मी तो हलकेच फिरवला आणि पाटीवर अ उमटला. पुन्हा काढला. तिसऱ्यांदा माझ्या हाताखाली तिचा हात आपला आपण वळला. मला ते कळलं. मास्तराला ते कळतं. वनजा पडलेल्या दातांतून हसली आणि ओरडली, "बंतु!" आला!

माझ्या साऱ्या आयुष्यात मी तेवढी सुखी कधी झाले नाही.

"अय्यो, राम!" सावित्रम्मा किंचाळल्या. त्यांनी वनजाला दंडाला धरून उचललं आणि फरफटत बाहेर नेलं. मागच्या अंगणात नळ होता. शाळेच्या आयाला हाक गेली. मी धावत गेले तोवर आयानं परकर-पोलक्यासकट त्या पोरीच्या डोक्यावर पहिली कळशी ओतली होती. थंडीचे दिवस. वनजा किंचाळत होती, "नानेन् माडदे? नानेन् माडदे?"

मी काय केलं? मी काय केलं?

मी पुढं झाले. आयानं हात आडवा केला. ती काही दुष्ट नव्हती, पोटासाठी काम करणारी बाई. म्हणाली, "जवळ येऊ नका अम्मा. तुम्ही परत शिवलात तर परत ओतावं लागेल मला."

मी थांबले. पोरीच्या अंगावर आणखी पाणी नको म्हणून थांबले. तिथंच उभी राहिले आणि ती कळशी पुन्हा भरताना, पुन्हा रिकामी होताना बघितली. वेण्या सुटल्या होत्या. ओठ निळे पडले होते. मला बघून वनजा आयाच्या लुगड्यामागं लपली. तिचं तिनं बरोबर ओळखलं होतं. बाईंनी हात धरला म्हणून हे झालं. आता ती जन्मात कुणाला हात धरा म्हणणार नाही, असं मला वाटलं, आणि माझं काळीज फाटलं.

मी चुकले का? हे मी स्वतःला किती वेळा विचारलं असेल त्याला गणती नाही. माझ्या हट्टापायी एक पोर कुडकुडली. हो, कुडकुडली. पण कळशी माझ्या हातात नव्हती. मी तिला अक्षर दिलं होतं. पाणी ज्यांनी ओतलं त्यांनी ओतलं. हे मला स्वतःला पटवायला वेळ लागला, पण पटलं, आणि मग ते कुणाला हलवता आलं नाही.

मला नापास केलं.

अप्पांना सगळं सांगितलं. ते रापीची धार बोटानं बघत बसले. मग म्हणाले, "आपल्या वस्तीतल्या साळंत पाठ दिला असतास तर काय बिगडलं असतं? आपलीच पोरं हायती न्हवं ती? त्यास्नी नको काय मास्तरीण?"

हा प्रश्न मात्र मला लागला. लीलापेक्षा, सरांपेक्षा जास्त लागला. मी म्हणाले, "अप्पा, आपल्या पोरांना मी जन्मभर शिकवीन. पण मला तिकडं शिक्षा म्हणून धाडत होते. जी त्यांच्या पोरींना चालत नाही ती आपल्या पोरांना चालवून घ्या, म्हणत होते. आपली पोरं काय अडगळीची खोली हाय? नको झालेलं सगळं तिकडं टाकायचं?"

अप्पा दुसऱ्या दिवशी सकाळी आरी, रापी घेऊन झाडाखाली गेले. हेडमिस्ट्रेस बाईंच्या घरून चपला आल्या होत्या म्हणे. अप्पांनी त्या शिवल्या नाहीत, परत दिल्या. नजर कमी झाली, दुसरीकडं बघा, असं सांगितलं. नंतर त्या घरातलं कुणी आलं नाही आणि त्यांच्या ओळखीचीही बरीच गिऱ्हाइकं तुटली. घरी आम्ही अर्धपोटी राहिलो. त्याबद्दल अप्पा मला एक शब्द बोलले नाहीत, आणि ते बोलले नाहीत म्हणून मला जास्त रडू यायचं.

ते वर्ष मी आईबरोबर पट्टे शिवले. शिवता शिवता एकच गोष्ट मनात घोळायची. मला राग कशाचा आला होता? शिवू नका म्हणाल्या त्याचा? ते तर लहानपणापासून ऐकलेलं. राग ह्याचा होता की त्यांनी मला एकटीला बाजूला घेऊन, हळूच, गोडीनं सांगितलं. मीही ते गुपचूप ठेवलं. आणि वेळ आली तेव्हा त्या हसून म्हणाल्या, असं झालंच नाही. त्यांचं सगळं बळ त्या हळू बोलण्यात होतं. चारचौघांत मोठ्यानं म्हणायची छाती त्यांच्यापैकी एकाचीही नव्हती. आणि ते हळू बोलणं जपून ठेवायचं काम माझ्यासारख्यांकडून करून घेत होते, फुकटात.

पुढच्या वर्षी मी पुन्हा नाव घातलं. मेथडचे सर मला बघून दचकले. त्यांनी मला आपल्या खोलीत बसवलं, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "हे बघ, तू हुशार आहेस. ह्या वेळी शहाण्यासारखी वाग. बसवनगुडीतल्या त्या शाळेत तुला पाठवत नाही. दुसरीकडं देतो. तिथंही कुणी काही सांगितलं, तर ऐकून घे आणि गप्प पाठ दे."

मी उठून उभी राहिले. शेजारच्या वर्गात नवी तुकडी बसली होती, तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "सर, मला त्याच शाळेत पाठवा. तोच वर्ग द्या. मी पोरींचे हात धरणार. एकूण एक पोरीचा. आणि मला कुणी बाजूला बोलावून हळूच काही सांगितलं, तर ते मी तिथल्या तिथं, सगळ्यांपुढं, नाव घेऊन मोठ्यानं म्हणून दाखवणार. आत्ता तुम्ही जे सांगितलंत तेसुद्धा."

शेजारच्या वर्गातली कुजबुज थांबली. सर दाराकडं बघायला लागले. मग पुन्हा तसेच हळू म्हणाले, "असं केलंस तर पुन्हा नापास होशील."

"होईन," मी म्हणाले. "आणि पुन्हा येईन. मोठ्यानं बोला, सर. त्यांनाही ऐकू दे."